‘येशुआ’ शब्दाचा अर्थ

ईस्टरच्या आधींच्या रविवारीं ख्रिस्ती मंदिरांतून ‘होसान्ना’ हा घोष ऐकूं येतो. ऐकणाराला तो जयजयकार वाटतो, आणि आज तो जयजयकारच आहे. मूळ हिब्रूंत मात्र तसें नव्हतें. ‘होशिआ’ म्हणजे सोडव, वांचव. आणि ‘ना’ हें विनवणीचें अव्यय. संकटांत सांपडलेल्या माणसाची ती हांक होती. लोकांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या घोळून हांकेचा जयघोष झाला. ज्यू लोकांच्या मांडवांच्या सणाचा सातवा दिवस ‘होशाना रब्बा’ या नांवानें ओळखला जातो. त्या दिवशीं सभास्थानांत सात प्रदक्षिणा घालतात, वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटतात. तेथें मात्र त्या शब्दांतील विनवणी अद्याप शाबूत आहे.

योद, शीन आणि आयिन या तीन अक्षरांचा हा धातु. त्यापासून ‘येशुआ’, म्हणजे सुटका अथवा तारण, हें नाम झालें. सोडविणारा तो ‘मोशिआ’ झाला. यहोशवा, यशया, होशेय हीं नांवें त्याच कुळांतलीं. येशू हें नांवही तेंच. ग्रीकांच्या मुखांतून फिरून तें आपल्यापर्यंत पोंचलें. नाम आणि हें विशेषनाम एकच आहे असें कित्येक समजतात, पण तें बरोबर नाहीं. नामाच्या शेवटीं ‘हे’ हें एक अक्षर अधिक आहे. उच्चारांतला भेद थोडा, म्हणून घोटाळा फार.

या धातूचा मूळ अर्थ ‘रुंद होणें, ऐसपैस होणें’ असा असावा, असें जुने कोशकार सांगत आले. अरबी भाषेंतील ‘वसिअ’ या रुंदीवाचक धातूचा आधार ते देत. कल्पना मोठी मोहक आहे. हिब्रूंत संकटाला ‘त्सार’ म्हणतात, आणि ‘त्सार’ म्हणजे अरुंद, चिंचोळें. आपल्याकडेही माणूस अडचणींत, कोंडींत, पेंचांत सांपडतोच. तेव्हां अरुंद जागेंतून मोकळ्यावर येणें म्हणजे तारण, हें मनाला तत्काळ पटतें. परंतु जें पटतें तें सिद्ध झालें असें नव्हे. दक्षिण अरबस्तानांतील प्राचीन शिलालेखांत, विशेषतः विशेषनामांत, याच जातीचा एक धातु आढळतो. त्यांतील मधला वर्ण निराळा असल्यामुळें ‘वसिअ’शीं असलेलें नातें अनेक अभ्यासक आतां मान्य करीत नाहींत. व्युत्पत्तीपेक्षां शब्दाचा वापरच अधिक बोलका असतो; म्हणून तो वापर पाहणें बरें.

तकोवा गांवची एक स्त्री दाविद राजापुढें लोटांगण घालते आणि प्रथम एवढेंच म्हणते कीं, राजानें मला सोडवावें. तिची तक्रार काय, हें राजा नंतर विचारतो. म्हणजे ‘होशिआ’ ही फिर्यादीची हांक होती. ती ऐकली कीं ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यानें थांबून ऐकून घ्यावें, असा संकेत असावा. जिच्यावर रानांत अत्याचार झाला आणि जिच्या हांकेला धांवून येणारा कोणी नव्हता, अशा मुलीच्या बाबतींत नियमशास्त्र बोलतें, तेथेंही न आलेल्या त्या माणसाला ‘मोशिआ’ असाच शब्द आहे.

सर्वांत भेदक प्रसंग शोमरोनच्या वेढ्यांतला. अरामाच्या राजानें शहर कोंडलें होतें. गाढवाचें एक मुंडकें ऐशीं रुपये-नाण्यांना विकलें जात होतें. इस्राएलाचा राजा तटावरून जात असतां एका बाईनें तीच हांक मारली. राजानें उत्तर दिलें तें त्याच धातूंतून: परमेश्वर जर तुला सोडवीत नाहीं, तर मी कोठून सोडवूं? खळ्यांतून कीं द्राक्षकुंडांतून? दोन्ही रिकामीं पडलेलीं. तरीही, झिडकारल्यावर, तुला झालें तरी काय, असें तो विचारतोच. तिनें जें सांगितलें तें भुकेनें माणुसकी गिळल्याचें, आईनें पोटच्या पोराला खाल्ल्याचें होतें. तें ऐकून राजानें वस्त्रें फाडलीं, तेव्हां आंत अंगालगत त्यानें गोणपाट नेसलें असल्याचें लोकांना दिसलें. या साऱ्या कथेंत ‘येशुआ’ म्हणजे परलोक नव्हे. भाकरी, न्याय आणि वेढा उठणें, एवढाच तिचा अर्थ आहे.

हा शब्द एकट्या इस्राएलाचा होता असेंही नाहीं. मवाबाचा राजा मेशा हा त्यांचा वैरी. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतला त्याचा काळा शिलालेख १८६८ सालीं धीबान येथें उजेडांत आला. पुढें तो फोडला गेला, आणि त्याचे जुळविलेले तुकडे आतां पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहेत. त्यांत मेशा सांगतो कीं, कमोश देवानें मला सर्व राजांपासून सोडविलें. धातु तोच. एकाची सुटका ती दुसऱ्याची हार, हें त्या दगडावर उघड दिसतें, आणि भाविक वाचकानें तिकडे डोळेझांक करूं नये.

मराठी भाषांतरकारापुढें म्हणूनच मोठा पेंच होता. ‘मोक्ष’ म्हणावें तर जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटणें डोळ्यांपुढें येतें. तटाखालची ती बाई तें मागत नव्हती. तिला याच जन्मीं, याच गांवांत जगायचें होतें. रूढ झाला तो ‘तारण’ हा शब्द. पैलतीरीं नेणें हा त्याचा अर्थ, आणि समुद्र ओलांडून आलेल्या इस्राएलांच्या कथेला तो शोभतोही. सावकाराकडे दागिना ‘तारण’ ठेवणाऱ्या घरांत त्याला आणखी एक छटा येते, ती हिब्रूंत नाहीं. एका शब्दांत सगळें मावणें कठीणच.

पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या वाचकांना कळेल अशा मराठींत त्यांनीं सबंध बायबल उतरविलें. तें काम त्यांनीं १९२२ च्या एप्रिलांत झालेल्या आपल्या मृत्यूच्या थोडें आधींपर्यंत चालविलें होतें. केडगांवच्या त्यांच्या संस्थेचें नांव ‘मुक्ति’, म्हणजे अर्थानें मोक्षाचाच सोयरा शब्द. पण १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, तेथून उपासमारीनें खंगलेल्या मुली त्यांनीं बरोबर आणल्या, त्यांना जेवूं घातलें, लिहायला-वाचायला आणि हातानें काम करून पोट भरायला शिकविलें.