कर्करोगाचे वय

बंगळूरला होसूर रस्त्यावर किदवई स्मारक कर्करोग संस्था आहे. तिची स्थापना 1973 सालची. अशा रुग्णालयात आईच्या कडेवरचे दोन वर्षांचे मूल आणि काठी टेकीत आलेला सत्तरीचा वृद्ध शेजारी शेजारी बसलेले दिसावेत, यात नवल नाही. दोघांच्या कागदावर शब्द एकच : कर्करोग. दोघांच्या शरीरात जे घडले ते मात्र एक नव्हे.

वृद्धाची हकीकत समजण्यास त्यातल्या त्यात सोपी. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. तंबाखूसारखी व्यसने त्यांत भर घालतात. एका चुकीने सहसा बिघडत नाही. त्या एकाच पेशीत साठाव्या लागतात. 1954 साली आर्मिटेज व डॉल या इंग्रज संशोधकांनी मृत्यूंच्या आकड्यांवरून दाखविले की, अनेक कर्करोगांचे प्रमाण वयाच्या सुमारे सहाव्या घाताने वाढते. म्हणजे वय दुप्पट झाले की धोका जवळजवळ 64 पट!

मग दोन वर्षांच्या बालकाने चुका साठविल्या केव्हा?

याचे उत्तर डोळ्याच्या एका रोगाने दिले. दृष्टिपटलाचा कर्करोग लहान मुलांनाच होतो. अमेरिकेतील आल्फ्रेड नडसन यांनी 1971 साली अशा 48 रुग्णांची वये ताडून पाहिली. ज्यांना रोग दोन्ही डोळ्यांना होता, त्यांना तो लवकर झाला होता. नडसन यांनी अनुमान केले की, येथे आघात दोनच पुरतात. काही मुले पहिला आघात जन्मतःच घेऊन येतात, म्हणून दुसरा लवकर पुरा होतो. इतरांत दोन्ही आघात एकाच पेशीवर पडावे लागतात. पुढे 1986 साली ते जनुकही हाती लागले. बालकाची पेशी झिजलेली नसते. वाढता वाढता जेथे थांबावयाचे, तेथे ती थांबत नाही, इतकेच.

रक्ताच्या तीव्र कर्करोगातही हाच भेद आढळतो. लसिकापेशींच्या प्रकारात फिलाडेल्फिया नावाचे विकृत गुणसूत्र मुलांत शेकडा तीन ते पाच जणांत, तर प्रौढांत सुमारे पंचवीस जणांत सापडते. मुले या रोगातून अधिक संख्येने बरी होतात, त्याचे हे एक कारण. तीव्र औषधे त्यांना अधिक सोसतात, हे दुसरे. वृद्धाचे मूत्रपिंड आणि हृदय यांचा विचार आधी करावा लागतो. तथापि ‘आता वय झाले’ म्हणून उपचारच नाकारणे, ही घरोघरची चूक अक्षम्य होय. निर्णय शक्ती पाहून करावा, जन्मसाल पाहून नव्हे.

बालकाच्या बाबतीत सावधगिरी निराळी. आनुवंशिक दोष असलेल्या मुलाला क्ष-किरणांचा मारा दिल्यास, पुढे त्याच जागी दुसरा कर्करोग उद्‌भवण्याचा धोका वाढतो; म्हणून शक्य तेथे तो टाळतात. बाहुलीत पांढरी चमक प्रथम दिसते ती बहुधा आईलाच. ती वेळेवर आली तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही. आणि मग वैद्य तिच्या धाकट्या मुलाचे डोळेही तपासून घेतात.