सुई घेण्याआधी चार प्रश्न

आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्या बायका. मुंबई म्हटलं की तुम्हाला वाटेल, इथे पावलोपावली दवाखाना. आहेत ना, पण स्टेशनकडे. पाड्यावरच्या बाईला आधी जंगलातली वाट तुडवायची, मग रिक्षा, मग रांग. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. तेव्हा आमच्या पाड्याची आणि तुमच्या वाडीची गत सारखीच.

आज आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत.

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाची सुई मिळू लागली. दर तीन महिन्यांनी एक, फुकट. रोज गोळी लक्षात ठेवायला नको. आम्ही घरोघरी हेच सांगत फिरलो. एका वहिनीने दोन मुलांनंतर सुई घेतली. दुसऱ्या सुईनंतर तिची पाळी थांबली. सासू म्हणाली, “रक्त अंगात साठतंय, गाठ होईल.” वहिनी घाबरली, तिसऱ्या सुईला आलीच नाही. आम्ही यादीत ‘आली नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. वर्षाने भेटली तेव्हा तिला दिवस गेले होते. ती एवढंच म्हणाली, “पाळी थांबते हे आधी सांगितलं असतं, तर मी सुई सोडली नसती.”

बायांनो, खरी गोष्ट अशी. या सुईने पाळी मागेपुढे होते, मधेच डाग पडतात किंवा पाळी बंदच होते. रक्त साठत नाही. पिशवीच्या आतलं अस्तर वाढतच नाही, मग बाहेर काय पडणार? सुई थांबवली की पाळी परत येते. पुन्हा दिवस राहायला मात्र शेवटच्या सुईपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. फार अंगावरून जात असेल तर दवाखान्यात दाखवायचं.

म्हणून आता कोणतंही साधन घेण्याआधी आम्ही बाईला चार प्रश्न विचारायला शिकवतो. हे किती दिवस चालेल? अंगात काय बदल होईल? त्रास झाला तर कुणाकडे जायचं? नको झालं तर बंद कसं करायचं?

तांबीचंच घ्या. एक ५ वर्षांची असते, एक १० वर्षांची. पण हवी तेव्हा नर्सताईंकडून काढून घेता येते. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. अंगावर पाजणारीलाही चालते. पुरुषांच्या नसबंदीत टाकाही घालावा लागत नाही, फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची. आणि गुप्त रोगापासून वाचवतो तो फक्त निरोध. हे सगळं घरधन्यालाही ऐकवा.

१९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांची कॉलेजातली प्राध्यापकी गेली. तेव्हा ही गोष्ट उघड बोलणंसुद्धा लोकांना सहन होत नव्हतं. आज साधन फुकट मिळतं, आणि तरी आम्ही अर्धीच गोष्ट सांगून मोकळे झालो होतो.

आता पहिल्या सुईनंतर महिनाभरात आम्ही त्या घरी पुन्हा जातो. बाईला हवं असेल तरच सासूबाईंशीही बोलतो. पुढच्या सुईची तारीख कार्डावर लिहून देतो. ‘आली नाही’ लिहायच्या आधी ‘का आली नाही’ हे विचारून येतो.

तुमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की हे चार प्रश्न मोठ्याने म्हणा. कोण काय वापरतं, ते मात्र चारचौघींत विचारू नका. ते जिचं तिच्यापाशी. आशाताईंना बैठकीला बोलवा, त्यांना विचारा.

आमच्या त्या वहिनीला मुलगी झाली. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तिने स्वतःच्या मर्जीने तांबी बसवून घेतली. पण त्याआधी चारही प्रश्न तिने विचारले, आणि नर्सताईंनी खुर्ची ओढून, तिच्याजवळ बसून उत्तरं दिली.