वायूचा माग



1974 साली मुंबईसमोरच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या खणन-मंचावरून खणलेल्या विहिरीत तेल लागलं आणि मुंबई हाय हे नाव घरोघरी पोचलं. दोनच वर्षांनी जवळच वसई क्षेत्रात वायूचा मोठा साठा हाती आला. हे साठे आहेत चुनखडकात. पण चुनखडक हे केवळ कोठार. माल तयार झाला दुसरीकडे. त्या दुसऱ्या खडकाला, उद्गम-खडकाला, मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही, असं मला फार वाटतं.

आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. पुढे पश्चिमेकडची जमीन खचली. खळग्यांत चिखल साचला, किनाऱ्यावरच्या दलदलीतला पालापाचोळा त्यात गाडला गेला. हवा न लागल्याने तो पुरता कुजला नाही. चिखलाचा शेल झाला आणि पालापाचोळ्याचा कोळसा. भूवैज्ञानिक या थरांना ‘पन्ना’ म्हणतात.

गाळावर गाळ चढत गेला, तसा हा थर खोल जाऊन तापला. साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअसला तेल सुटतं, त्याहून जास्त तापल्यावर मुख्यतः वायू. शिवाय मूळ माल कोणता, तेही महत्त्वाचं: शेवाळापासून तेल अधिक, झाडापानांपासून वायू अधिक.

खडक किती तापला हे कळतं कसं? विहिरीतून वर आलेल्या चुऱ्यातले कोळशाचे बारीक कण घासून चकचकीत करतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांवर प्रकाश टाकतात आणि किती टक्के परत येतो ते मोजतात. 0.6 टक्क्यांच्या आसपास तेल सुटू लागलेलं असतं, 1.3 च्या पुढे वायूचा प्रांत. कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेची नोंद इतक्याशा कणात सापडते!

या मोजमापांवरून तापलेल्या खळग्यांचा नकाशा तयार होतो आणि तिथून वायू कोणत्या वाटेने वर चढला असेल, ते ताडलं जातं. मुंबई हाय हा उंचवटाच. त्याला तेल पुरवलं ते भोवतालच्या खोलगट भागांनी. अशी वाट नसेल, तर कृत्रिम भूकंपलहरी पाठवून काढलेल्या चित्रात कितीही सुबक दिसणाऱ्या घुमटात नुसतं पाणी लागतं.

सौराष्ट्र-कच्छकडे आता सह्याद्री घडवणाऱ्या त्याच लाव्ह्याच्या, म्हणजे बेसाल्टच्याही खालचे, ज्युरासिक-क्रिटेशस काळातले थर तपासले जातात. बेसाल्टमधून भूकंपलहरी नीट पार होत नाहीत, त्यामुळे चित्र धूसर येतं. शिवाय, वरून एवढा लाव्हा ओतला गेल्यावर खालचा चिखल वायू देण्याजोगा उरला की करपून गेला, हे ठिकठिकाणी पाहावं लागतं.