अंतर कोसांचें कीं तासांचें?



शाळेंत मीं मुलांना काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालीत असें. अंतरास वेगानें भागलें कीं वेळ निघे. त्या गणितांत घाट नसे, पाऊस नसे, खोळंबाहि नसे. भिवंडीचीं गोदामें पाहतांना ती उणीव ध्यानांत येते.

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून हीं गोदामें तेथें वाढलीं. 2017 सालीं जकात गेली, पण गोदामें राहिलीं. आतां त्यांचें मोल रस्त्यावर ठरतें. मग अशा ठिकाणाची सुगमता मोजावी कशी?

नकाशावरील अंतर हें सोपें माप, पण फसवें. जून 2025 मध्यें समृद्धि महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरचा 701 किलोमीटरांचा मार्ग भिवंडी तालुक्यांतील आमण्यापर्यंत पोहोंचला. त्यामुळें नागपूर कांहीं जागचें हललें नाहीं. प्रवासाचे तास मात्र घटले. म्हणून तास मोजावे.

परंतु तास कोणापासूनचे? वॉल्टर हॅन्सन या अमेरिकन अभ्यासकानें 1959 सालीं सुचविलें कीं, भोंवतालच्या प्रत्येक स्थळाचें महत्त्व घ्यावें, तें दूरत्वाच्या मानानें कमी करावें, आणि सर्वांची बेरीज करावी. समजा, एका तासावरून साठ गाड्या माल येतो व तीन तासांवरून नव्वद. प्रत्येकास तासांनीं भागून साठ आणि तीस, मिळून नव्वद. दूरचा रस्ता सुधारून दोन तासांचा झाला, तर साठ आणि पंचेचाळीस, म्हणजे एकशेंपांच. सुधारणेचा लाभ असा अंकांत दिसतो.

तरीहि एक गोम राहतेच. एक रस्ता रोज तीन तास घेतो. दुसरा चार दिवस दोन तास आणि पांचवे दिवशीं सात. सरासरी दोहोंची तीनच! पण नाशिककडील द्राक्षें न्हावा-शेवा बंदरीं नेणाऱ्यास रोज सात तास हातीं धरूनच निघावें लागतें. कारण निर्यातीचा माल घेण्याची मुदत टळली, तर जहाज त्याच्यासाठीं थांबत नाहीं. शिवाय, मोटारीस मोकळा रस्ता मालमोटारीस मोकळा असतोच असें नाहीं. ठाणें शहरांत अवजड वाहनांना ठराविक वेळींच वाट मिळते.

तेव्हां गोदामाची जागा ठरवितांना केवळ नकाशावर पट्टी ठेवूं नये. मालमोटारीच्या चालकास विचारावें, 'बाबा, वेळेवर पोहोंचावें म्हणून तूं घरून किती वाजतां निघतोस?' खरें माप त्याच्या उत्तरांत आहे. आणि तें चुकलें, तर नुकसान शेवटीं पिकविणाऱ्याच्या पदरीं पडतें.