रिंगा बसल्या पाहिजेत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला भाषणाची सवय नाही. संयोजक म्हणाले, "तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग." म्हणून इंजिनाच्या रिंगांबद्दल सांगतो. त्यात आपल्या विज्ञानाच्या सरांचा संबंध आहे, तो पुढे येईल.

जतसारख्या दुष्काळी भागात विहीर म्हणजे जीव, आणि वीज नसेल तेव्हा विहिरीवरचं डिझेल इंजिन म्हणजे त्या जिवाचा आधार. आज आपल्या जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी 1910 साली औंध संस्थानात वसली, 1946 साली किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी झाली. त्यांचं पाच हॉर्सपॉवरचं, 80 मिलिमीटर बोअरचं, पंधराशे आरपीएमचं इंजिन आपल्यापैकी अनेकांनी हँडल मारून सुरू केलेलं असेल.

माझं गॅरेज नवीन होतं तेव्हाची गोष्ट. डाळिंबाची बाग असलेल्या एका मामांचं इंजिन मी पूर्ण खोललं. लायनरला होनिंग केलं, नवीन रिंगा घातल्या आणि मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "मामा, आठ दिवस इंजिनाला त्रास देऊ नका. पाण्याला लावू नका. नुसतं हळू चालवत ठेवा."

मामांनी शब्द पाळला. नवव्या दिवशी पंपाला जोडलं, तर निळा धूर, ऑइल पितंय आणि ताकद नाही. बाग फुलावर होती. पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या, निम्मी फुलं गळाली. मामा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पोरा, तू सांगितलंस तसंच केलं बघ."

इंजिन घेऊन मी मिरजेच्या एका जुन्या फिटरकडे गेलो. आत लायनर काचेसारखा चकचकीत! त्यांनी विचारलं, "ह्याला कामाला कधी लावलं होतंस?" मी गप्प.

ते म्हणाले, रिंग नुसत्या स्वतःच्या ताणानं लायनरला पुरेशी दाबली जात नाही. वरच्या रिंगेच्या मागे जळलेल्या वायूचा दाब जातो, तो तिला बाहेर ढकलतो. होनिंगच्या तिरक्या रेघांची बारीक टोकं आणि रिंगेची कड एकमेकांवर घासून जुळतात, तेव्हा रिंगा बसतात. इंजिन रिकामं चालवलं की दाब कमी. मग रिंगेवरून सुटलेलं ऑइल जळून लायनरवर गुळगुळीत थर धरतं. तो धरला की पुढे कितीही लोड द्या, रिंगा बसत नाहीत.

तेव्हा मला आठवीचा वर्ग आठवला. सरांनी सायकलचा पंप वर्गात खोलून चामड्याचा वायसर दाखवला होता. "दांडा दाबला की हवाच वायसरला नळीवर दाबते," असं सांगितलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलं, मार्क घेतले आणि विसरलो.

मी परत होनिंग केलं, नवीन रिंगा स्वखर्चानं घातल्या. या वेळी ऑइलचा दाब पाहिला, थोडं गरम होऊ दिलं आणि लगेच पंपाला जोडलं. आधी निम्मा लोड, मग पाऊण, मधूनमधून कमी-जास्त. रिकामं ठेवायचं नाही आणि उर फुटेस्तोवर ओढायलाही लावायचं नाही. एअर फिल्टर साफ, कारण आपल्याकडची धूळ रिंगा खाऊन टाकते. पहिलं ऑइल लवकर बदललं, कारण घासलेल्या लोखंडाची कणी त्यात उतरते. काही दिवसांत धूर थांबला. गळालेली फुलं मात्र परत आली नाहीत.

आजही इंजिन ताब्यात देताना मी मालकाला सांगतो, "पहिल्याच दिवशी पाण्याला लावा, पण मापात." कुणी कारण विचारलं तर गॅरेजमधला सायकलचा पंप खोलून दाखवतो.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तो धडा मला उशिरा कळला आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरली. पण कळला. नमस्कार.