माळ्यावरची दुर्बीण

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसाला दुधाआधी पंधरा मिनिटे आम्हाला दिली आहेत. बोलणारा एकटाच असला तरी ज्या चुका सांगायच्या आहेत त्या घरातल्या तिघांनी मिळून केल्या, म्हणून सुरुवातीपासून ‘आम्ही’च म्हणतो. सौ. आणि कन्या समोर बसल्या आहेत, काही चुकले तर त्या लगेच सांगतील.

आधी एक निराशेची गोष्ट. काहींनी आम्हाला निरोप दिला होता, “येताना दुर्बीण आणा, कोजागिरीचा चंद्र दाखवा.” आम्ही मुद्दाम आणली नाही. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघायला सगळ्यात वाईट. आपल्याकडून पाहता सूर्य त्याच्यावर अगदी समोरून पडतो, त्यामुळे डोंगरांच्या, विवरांच्या सावल्या दिसत नाहीत. दिसते ती पांढरी लखलखीत थाळी आणि डोळा दिपतो. उद्या चंदी पडव्याला घारी खाताना चंद्र बघा, पण साध्या डोळ्यांनी. दुर्बीण काढायची ती संकष्टीला. ते शेवटी सांगतो.

कन्या सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्यासाठी दुर्बीण घेतली. समोरचे भिंग ७० मिलिमीटरचे, नळीची लांबी ७०० मिलिमीटर, सोबत तिपाई. खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘५२५ पट’. त्या रात्री आम्ही सगळ्यात जोरदार भिंग लावले आणि गच्चीवर गेलो. चंद्र दिसेना. कसाबसा सापडला तर थरथरत होता आणि पाण्याखाली ठेवल्यासारखा पुसट. एका ताऱ्यावर लावली तर मधे भोक असलेला मेदूवडा दिसला. कन्या म्हणाली, “बाबा, हा शनी का?” आम्ही ठामपणे “हो” म्हणालो. तो शनी नव्हता. तारा होता, फोकस न झालेला.

चार रात्रींनी ती म्हणाली, “आपल्याला फसवलंय.” आम्हीही म्हणालो, “खेळणंच आहे ते,” आणि दुर्बीण माळ्यावर गेली, ती एक वर्ष दोन महिने खाली आली नाही. पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. पण तिने आकाशाकडे बघणेच सोडले, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

दुर्बीण खाली आली ती उत्तरायणाला. सगळे सुरत गच्चीवर, पतंग, चिक्की, उंधियू. पाहुण्यांच्या मुलांनी हट्ट धरला म्हणून काढली. खोक्यात एक लहान काळपट काच होती, तिच्यावर ‘सन’ लिहिलेले. ती आयपीसला आटे फिरवून बसवायची आणि सूर्य बघायचा. आम्ही बसवली. एक मुलगा डोळा लावायला वाकला, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आरोळी आली, “आंख हटावी लो!”

ते निवृत्त विज्ञान शिक्षक. पायऱ्या उतरून, आमच्या पायऱ्या चढून ते आले. त्यांनी ती काच काढली, सगळ्या मुलांना चार हात लांब उभे केले, नळीच्या सावलीवरून दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि आयपीससमोर चिमट्याने काळ्या पतंगाचा तुकडा धरला. क्षणभरात धूर निघाला. मग म्हणाले, “ही छोटी काच असते नळीच्या मागच्या टोकाला, जिथे सगळी उष्णता गोळा होते. ती तडकली की तो सगळा सूर्य डोळ्यात. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, म्हणून पोराला कळणारही नाही.”

आमच्या हातापायांतले बळ गेले. म्हणून आज बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा. घरी दुर्बीण असेल तर अशी छोटी काच शोधा आणि कचऱ्यात टाका. टाकण्याआधी फोडा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या हाती लागणार नाही. सूर्य बघायचा तर खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण भिंग झाकून, घट्ट बसवायचा आणि वरच्या लहान शोधक दुर्बिणीलाही टोपण लावायचे. हे जमत नसेल तर सूर्याच्या वाटेला जायचेच नाही. पतंगाचा तो प्रयोगही कोणी घरी करू नका.

त्या संध्याकाळी सरांनी दुर्बीण तपासली आणि म्हणाले, “दुर्बीण चांगली आहे, तुम्ही बिघडलेले आहात.” आमच्यापैकी बोलणाऱ्याचा डिप्लोमा स्थापत्याचा, नोकरी सरकारी खात्यात, रोजचे काम लेव्हल लावून रस्ते मोजायचे. साइटवर तिपाईचा पाय सैल दिसला तर मजुरावर ओरडायचे, आणि घरी तीच चूक स्वतः करायची! तर सरांकडून आणि पुढे ठेचा खाऊन जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली तक्रार, “काही सापडतच नाही.” हे काम दिवसा करायचे. मोठ्या नळीवर जी लहान शोधक दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचा फाइंडर असतो, तो मोठ्या नळीच्या रेषेत नसतो. सूर्याच्या विरुद्ध दिशेला किलोमीटरभर लांबची वस्तू निवडा. आम्ही पांडेसराकडच्या एका मिलचे धुराडे घेतले. मोठ्या नळीतून धुराड्याचे टोक मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या मध्यावर आणा. दहा मिनिटांचे काम. आमच्या पहिल्या चार रात्री याच्यावाचून वाया गेल्या.

दुसरी तक्रार, “दिसते पण पुसट.” इथे खोक्यावरच्या आकड्याचा हिशेब करा. नळीचे नाभीय अंतर भागिले आयपीसवरचा आकडा, म्हणजे किती पट मोठे दिसते ते. ७०० ला २५ ने भागले की २८ पट, १० ने भागले की ७० पट. ४ चे आयपीस घेऊन वर तीन पट वाढवणारे बार्लो भिंग जोडले की झाले ५२५. गणित बरोबर, पण उपयोग शून्य. भिंग जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट पट खरा उपयोग होतो. म्हणजे ७० च्या भिंगाला १४० ही हद्द, आणि आपल्या हवेत बहुतेक रात्री त्याच्याही खूप आत. भिंगाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच असतो. दूध तेवढेच ठेवून पाणी वाढवत गेले तर काय होईल, ते आज इथे वेगळे सांगायला नको. म्हणून सुरुवात नेहमी मोठ्या आकड्याच्या आयपीसने करायची, वस्तू मधोमध आणायची आणि मगच १० चे लावायचे. बार्लो तूर्त खोक्यातच राहू द्या.

तिसरी, “तो वडा.” फोकसची चक्री सावकाश फिरवा. तारा जिथे सगळ्यात लहान ठिपका होतो तो फोकस. तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतून ठिपकाच दिसतो, थाळी दिसते ती ग्रहांची. चक्री शेवटपर्यंत फिरवूनही जमत नसेल तर भिंगाच्या दुर्बिणीत मागचा काटकोनी आरसा लावायचा राहिला आहे का ते बघा. त्याच्याशिवाय बऱ्याच नळ्यांचा फोकस पोचत नाही. चित्र उलटे किंवा डावे-उजवे दिसले तर बिघाड समजू नका, आकाशात वर-खाली काही नसते. ज्यांच्याकडे आरशाची दुर्बीण आहे त्यांनी तारा मुद्दाम थोडा फोकसबाहेर न्यावा. कड्यांच्या मधोमध काळा ठिपका आला तर ठीक, एका बाजूला सरकला असेल तर मागचे तीन स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरवून आरसा सरळ करायला हवा.

चौथी, “थरथर.” तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका. पाय आखूड ठेवा आणि खुर्चीवर बसून बघा. मधल्या पट्टीला पाण्याची पाच लिटरची बाटली बांधा. बघताना नळीला हात नको, आणि गच्चीवर पोरांची धावपळ नको. वस्तू आपोआप सरकते ती मात्र थरथर नव्हे, ती पृथ्वी फिरते आहे. ७० पटीला ग्रह साधारण तीन मिनिटांत या कडेकडून त्या कडेला जातो. आम्ही याला आधी तिपाईचा दोष समजून नट आवळत बसलो होतो. ज्यांची तिपाई तिरप्या आसाची आहे त्यांनी तो आस उत्तरेकडे करून २१ अंशांवर लावावा, कारण सुरतेचे अक्षांश २१ आहेत.

पाचवी तक्रार आपल्या गावची, हवा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो आणि तिच्यातून चंद्र उकळत्या पाण्यातल्यासारखा दिसतो. तासभर आधी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारा. शेजारच्या एसीच्या मशीनवरून बघू नका, खिडकीच्या काचेतून तर मुळीच नको. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर आणली की सुरतेच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरते. टोपण लावूनच अर्धा तास बाहेर ठेवा. रात्री दव पडते त्याला उपाय म्हणून काळ्या कार्डशीटची वीतभर नळी करून तोंडाशी लावा. भिंग रुमालाने, पदराने पुसायचे नाही. रबरी पंपाने धूळ उडवा, बस्स. आणि पावसाळ्यात दुर्बीण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकाल तर भिंगाला बुरशी लागेल. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऊन असेल तेव्हा खोली उघडी ठेवून हवा द्या.

हे सगळे त्या एका संध्याकाळी झाले नाही, पण फाइंडर सरांनी धुराड्यावर जुळवून दिला आणि अंधार पडल्यावर दुर्बीण गुरूवर लावली. २५ चे आयपीस, फक्त २८ पट. कन्या आधी यायला तयार नव्हती. आली, डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाजूला तीन ठिपके एका ओळीत आहेत.” सर म्हणाले, “वहीत काढून ठेव, उद्या परत बघ.” दुसऱ्या दिवशी चार होते आणि जागा बदललेल्या. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच पाहिले, आणि त्याची दुर्बीणही वीस-तीस पटांचीच होती. ती वही आमच्या घरी अजून चालू आहे.

खोक्यावरच्या फोटोसारखे मात्र काही दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. शनी मुगाच्या दाण्याएवढा दिसेल, पण त्याची कडी खरी असेल. मृगातला तेजोमेघ रंगीत नाही, राखी धुरासारखा दिसेल. लग्नात आपण वसिष्ठ-अरुंधती दाखवतो. उन्हाळ्यात सप्तर्षींतल्या वसिष्ठावर दुर्बीण लावा, तो एकटाच दोन ताऱ्यांचा दिसतो. चंद्र आणि ग्रह शहराच्या उजेडातही छान दिसतात. अंधुक गोष्टींसाठी वणीच्या देवीला जाताना सापुताऱ्यात एक रात्र मुक्काम करा.

आता दोन जुन्या गोष्टी. समोर खंभातच्या आखातापलीकडे भावनगर आहे. तिथल्या महाराज तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. तिथली वीस इंची दुर्बीण म्हणजे त्या काळी देशातले मोठे नाव. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकॅनलला गेले. दुर्बीण तीच होती, पुण्यात तिला डोळा लावणारा राहिला नाही. आमच्या माळ्यावर याहून वेगळे काय झाले होते? दुसरी गोष्ट लोकमान्यांची. ज्या १८९३ मध्ये त्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्याच वर्षी मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ शोधणारा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ निघाला. तेव्हा मंडळाच्या व्यासपीठावर आकाशाची गोष्ट काढली म्हणून कोणी रागावणार नाही अशी आशा आहे.

तर तीन-चार दिवसांनी संकष्टी आहे. आठ-नऊच्या सुमारास चंद्र उगवेल. त्याला एका काठाने सावली लागलेली असेल आणि त्या काठाशी विवरे उठून दिसतील. उगवताना तो क्षितिजाजवळच्या हवेत थरथरतो, म्हणून आधी अर्घ्य, मग जेवण, मग दुर्बीण. आणि पुढच्या भाद्रपदात शुद्ध चतुर्थीचा चंद्र बघू नका, आम्हीही बघणार नाही. पण ऋषिपंचमीपासून दशमीपर्यंत बघा. बाप्पा घरात असतात ते दिवस वाढत्या चंद्राचे, आणि साधारण गौरीपूजनाच्या संध्याकाळी अर्धा चंद्र असतो, सावल्या सगळ्यात लांब. ढगांनी कृपा केली तर मंडपामागच्या मोकळ्या जागेत आम्ही दुर्बीण लावू.

या सभागृहातल्या पाच-सात घरांच्या माळ्यावर दुर्बिणी आहेत, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. रविवारी सकाळी त्या खाली काढून आमच्याकडे आणा. चहा आमचा, फाइंडर जुळवून देऊ. येताना ती काळी छोटी काच तेवढी आठवणीने घेऊन या, हातोडी आमच्याकडे आहे.

दूध निवत असेल. गणपती बाप्पा मोरया!