पहिलं योगदान : चार ओळींचं



ओपन सोर्स प्रकल्पात पहिलं योगदान कसं द्यावं, यावर मी बोलावं असं ठरलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं पोट संगणकावरच चालतं, तेव्हा लिनक्स म्हणजे काय हे सांगत बसत नाही. मी संगणकतज्ज्ञ नाही, संशोधक आहे. लोकांनी फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरवर डॉक्टरेट मिळवलेल्यांपैकी एक!

आमच्या प्रयोगशाळेत दोघा सहकाऱ्यांनी त्याच पाच मोजमापांचं प्रमाण विचलन काढलं आणि उत्तरांत सुमारे १२ टक्के फरक आला. चूक कोणाचीच नव्हती. वेगळं सांगितलं नाही, तर नमपाय वर्गांच्या बेरजेला पाचाने भागतं आणि पांडाज चाराने. दोन्ही पद्धती मान्य आहेत, दोन्हींच्या माहितीपानांवर तशी नोंदही आहे. पण आमच्या विषयातलं एक छोटं पॅकेज यातली कोणती पद्धत वापरतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी मला मूळ कोड उकरावा लागला. पुढच्याला तो लागू नये म्हणून एक वाक्य आणि तीन ओळींचं उदाहरण लिहून पाठवलं. हेच माझं पहिलं योगदान.

तांत्रिक भाग फारसा नाही. प्रकल्पाचे नियम वाचायचे, गिटहबवर आपली प्रत घ्यायची, वेगळ्या ब्रँचमध्ये बदल करायचा, चाचण्या चालवायच्या आणि पुल रिक्वेस्ट पाठवायची. खरी अडचण पुढे आहे. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आणि त्यातही दोन दुरुस्त्या सुचवलेल्या. आपल्यासारख्या पदवीधरांना हे जड जातं. चारचौघांसमोर आपलं लिखाण तपासलं जातं, तपासणारा कदाचित आपल्या विद्यार्थ्याच्या वयाचा असतो आणि डॉक्टरेट तिथे चालत नाही. (मला तर हे फार आवडलं.)

पण तो तपासणारा कोण आहे, हेही पाहा. २०१४ साली हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा निम्म्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला दोनेक हजार डॉलर. २०२४ साली एक्सझेड या पॅकेजचं प्रकरण त्याहून वाईट. थकलेल्या एकट्या मेंटेनरवर अनोळखी नावांनी ईमेलमधून दबाव आणला गेला. मदतीला आलेल्या एकाने दोन-अडीच वर्षं इमाने काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग एका अभियंत्याने काढला म्हणून तो सापडला.

तेव्हा नव्या माणसाकडे मेंटेनरने संशयाने पाहिलं तर राग मानू नका. बदल छोटा ठेवा, का केला ते लिहा, आठवड्याला स्मरणपत्रं धाडू नका. यंत्राकडून लिहून घेतलेला, स्वतःला न समजलेला कोड तर मुळीच पाठवू नका. तो तपासायला त्या माणसाची संध्याकाळ जाते.

आणखी एक. नोकरीचा करार काढून बौद्धिक संपदेचं कलम वाचा. फावल्या वेळातलं कामही कंपनीचं, असं अनेक करारांत असतं. परवानगी लेखी घ्या. मला ती मिळायला योगदानापेक्षा जास्त दिवस लागले.